देवपुजारीबाईंची गोमती

लखनौच्या आमच्या मराठी मंडळाने डॉ. शकुंतला देवपुजारी यांच्या स्मरणार्थ यंदाच्या अंकात तीन लेख छापले आहेत. मी ते दोनदा वाचले, एकदा चष्म्याने आणि एकदा भिंगाने, आणि माझे असे मत झाले आहे की तिन्ही लेखकांनी कुठल्यातरी दुसऱ्याच बाईंवर लिहिले आहे. ती दुसरी बाई फार चांगली असावी. ती हळू बोलते, गोरगरिबांना आंबे वाटते, पदाचा मोह सोडते आणि आयुष्यात एकदाही चुकत नाही. अशा बाईबरोबर एकाच रुग्णालयात पंधरा वर्षे काढावी लागली असती तर मी पहिल्याच महिन्यात साताऱ्याला परत गेलो असतो.

पहिला लेख बाईंच्या भाचीचा आहे. ती नागपूरला राहते आणि लखनौला दोनदा आली होती, दोन्ही वेळा लग्नाला. दुसरा मंडळाच्या चिटणीसांचा. हे गृहस्थ बँकेत होते, आणि बाईंशी त्यांची भेट वर्षातून एकदा, गणपतीच्या आरतीला होत असे. त्या वेळी बाई टाळ्या वाजवीत असल्यामुळे बोलत नसत, आणि त्यावरून त्या मितभाषी असल्याचा निष्कर्ष चिटणीसांनी काढला आहे. तिसरा लेख डॉ. त्रिपाठी यांचा. हे बाईंचे शिष्य. त्यांनी तो हिंदीत लिहिला आणि चिटणीसांनी त्याचे मराठी केले, त्यामुळे त्रिपाठींचे जे थोडेफार खरे होते तेही भाषांतरात गेले. मी स्वतः, बाई ज्या रुग्णालयात सोनोग्राफी करीत त्याच रुग्णालयात, डायलिसिस विभागाचा प्रमुख होतो. रुग्णालयाचे नाव लिहीत नाही, कारण त्यांचे वकील अजून हयात आहेत. माझ्याकडे मंडळाने लेख मागितला नाही. मागितला असता तर पुढील मजकूर त्यांनी छापला नसता, हे त्यांनी बरोबर ओळखले.

बाई उंचीने कमी, रुंदीने पुरेशा, आणि चष्म्याच्या काचा अशा की समोरून त्यांचे डोळे दोन मोठ्या बटणांसारखे दिसत. विकास नगरहून त्या लूनावर येत. भाची लिहिते की 'मावशी रिक्षाने शांतपणे वाचन करीत जाई'. लूनावर वाचन करता येत नाही. लूनावर बाई फक्त लोकांना बाजूला व्हायला सांगत, आणि हॉर्न बिघडलेला असल्यामुळे तोंडाने सांगत. चाळीस वर्षे उत्तर प्रदेशात राहूनही त्यांची मराठी नागपूरची राहिली होती. माझी मराठी शुद्ध असल्याबद्दल त्यांना सहानुभूती वाटे. "सरदेसाई, तुम्ही बोलता न, तर असं वाटते की कोणी परिपत्रक वाचून राहिलं आहे," असे त्या मला भर कँटीनमध्ये म्हणाल्या होत्या.

आता मूळ विषयाकडे येतो. डायलिसिसवर असलेल्या माणसाची मूत्रपिंडे पाणी बाहेर टाकीत नाहीत. दोन डायलिसिसच्या मधल्या दिवसांत तो जे पितो ते त्याच्या अंगात साठते, आणि यंत्राने ते काढावे लागते. किती काढायचे, हा आमच्या धंद्यातला सर्वांत जुना आणि सर्वांत लाजिरवाणा प्रश्न होता. कमी काढले तर रुग्णाला दम लागतो, जास्त काढले तर त्याचा रक्तदाब कोसळतो. आम्ही पायाची सूज पाहायचो, छाती ऐकायचो, मानेची शीर पाहायचो, वजन करायचो आणि मग एक आकडा ठरवायचो. बाईंच्या शब्दांत सांगायचे तर, "तुम्ही लोक माणसाले धुण्यासारखं पिळता आणि तो ओरडला की म्हणता, झालं, वाळला."

बाईंचे म्हणणे असे की पाणी मोजायचे असेल तर जिथून ते वाहते तिथे पाहा. पोटातून, यकृताच्या मागून, एक मोठी शीर वर हृदयाकडे जाते. अर्ध्या शरीराचे रक्त तिच्यातून परत येते. सोनोग्राफीत ती काळ्या पट्ट्यासारखी दिसते. माणसाने नाकाने चटकन श्वास ओढला की ती क्षणभर आकसते. अंगात पाणी कमी असेल तर पार मिटते. पाणी जास्त असेल तर फुगलेली, ढिम्म राहते. बाहेरच्या देशांत यावर काही लिहिले गेले होते आणि बाईंनी ते वाचले होते. आमच्या रुग्णालयात त्या काळी हे करणाऱ्या त्या एकट्याच, आणि तेही अशा यंत्रावर की ज्याचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा वाजे आणि लाइट गेली की जे पुन्हा सुरू व्हायला चहाइतका वेळ घेई.

त्या शिरेला त्यांनी लखनौच्या नदीवरून गोमती असे नाव ठेवले होते. सकाळी फोन करून मी विचारायचो, "बाई, तीन नंबरच्या खाटेची काय स्थिती?" आणि तिकडून उत्तर यायचे, "गोमती दुथडी आहे, तीन लिटर घ्या," किंवा "वाळू दिसून राहिली आहे, हात नका लावू." प्रत्येक रुग्णाच्या चिठ्ठीमागे त्या पेन्सिलीने दोन वर्तुळे काढीत, एक श्वासाआधीच्या शिरेचे आणि एक श्वासानंतरच्या. रुग्ण त्यांना लड्डू म्हणत. आपसांत विचारीत, "आज तुम्हारा लड्डू कितना बड़ा निकला?" आणि मोठा लड्डू निघालेला माणूस चोरून प्यालेल्या सरबताच्या आठवणीने खाली मान घालून बसे. बख्शी का तालाबहून येणारे एक निवृत्त हवाईदलवाले होते. त्यांचा लड्डू मोठा निघाला की ते पडल्या पडल्या सावधान होत आणि गुन्हा कबूल करीत.

भाची लिहिते की थंडीच्या दिवसांत मावशी रुग्णांना गारठा लागू नये म्हणून पोटावर लावायची जेली गरम पाण्यात ठेवीत असे. जेली गरम पाण्यात असे, हे खरे. कारण मात्र भाचीला कुणी सांगितलेले दिसत नाही. जानेवारीत लखनौला गार जेली पोटावर पडली की माणूस दचकतो, श्वास कोंडतो, पोट दगडासारखे आवळतो, आणि शीर खोटे बोलू लागते. मी एकदा बाईंना म्हणालोही, "रुग्णांची फार काळजी घेता." त्या म्हणाल्या, "रुग्णाची नाही, मापाची घेऊन राहिली आहे. रुग्णाची काळजी घ्यायले तुम्ही आहात न? घेता का?"

आंब्याचे प्रकरण याहून मोठे आहे, आणि तिन्ही लेखांत ते चुकले आहे. नाकाने चटकन श्वास ओढा, हे आमच्या रुग्णांना सांगणे अशक्य होते. "साँस लीजिए" म्हटले की ते योगासनाला बसल्यासारखे छातीभर श्वास घेत, पोट वर येई आणि शीर पडद्याबाहेर जाई. "नाक से" म्हटले की नाक शिंकरीत. एका निवृत्त न्यायाधीशांनी तर "हम क्यों सूँ-सूँ करें?" म्हणून साफ नकार दिला होता. त्यांना बाईंनी विचारले, "तो हुज़ूर, नाक किसलिए लाए हैं साथ में?" पण प्रत्येक वेळी भांडायला वेळ नसे. म्हणून एका जूनमध्ये बाईंनी पिशवीतला दशहरी आंबा काढला आणि रुग्णाच्या नाकाखाली धरला. "सूँघिए।" लखनौच्या माणसाला आंबा हुंगायला शिकवावे लागत नाही. छोटा, तीव्र, नेमका श्वास. शीर जागेवर, माप पक्के. तेव्हापासून हंगामात आंबा, हंगाम संपला की पेरू, आणि काहीच नसले की पुदिन्याची जुडी.

चिटणीस लिहितात, 'बाई गरीब रुग्णांना स्वतःच्या हाताने आंबे भरवीत.' मूत्रपिंडे गेलेल्या माणसाला आंबा भरवला तर त्यातल्या पोटॅशियमने त्याचे हृदय थांबू शकते. म्हणजे चिटणीसांनी श्रद्धांजलीच्या भरात बाईंवर सामूहिक हत्येचा आरोप ठेवला आहे. बाईंनी एकाही रुग्णाला आंब्याची फोड दिली नाही. सकाळभरात चौदा नाकांखालून गेलेला तो आंबा दुपारी त्या बेसिनपाशी धुऊन, उभ्याने, एकट्याने खात. मी एकदा तोंड वाकडे केले तर म्हणाल्या, "आतून कोणी हुंगला नाही न जी."

या आंब्यापायीच मकबूल साहेब आमच्या कथेत येतात. मलिहाबादला त्यांची कलमी आंब्यांची बाग होती. साठीचे, सडसडीत, आणि इतके नम्र की सुई टोचणाऱ्या नर्सचीही ते माफी मागत. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, आणि आंबा वर्ज्य. म्हणजे ज्याने दात यायच्या आधीपासून आंबा खाल्ला त्याने आता तो फक्त सोनोग्राफीच्या खोलीत हुंगायचा. पहिल्याच दिवशी बाईंनी नाकाखाली आंबा धरला. मकबूल साहेबांनी हुंगला, डोळे मिटले आणि अत्यंत दुःखाने म्हणाले, "डॉक्टर साहिबा, बुरा न मानिएगा, यह मसाले से पका है। इस पर साँस लेने को दिल नहीं करता।" मसाला म्हणजे कार्बाइडची पूड.

"दिल छोड़िए, आप नाक से लीजिए," बाई म्हणाल्या.

पुढच्या खेपेला ते स्वतःच्या बागेतले अर्धा डझन दशहरी घेऊन आले, 'जाँच के लिए'. त्या मोसमात आमच्या विभागातले प्रत्येक माप मलिहाबादच्या आंब्यावर झाले आणि बाईंचे दुपारचे जेवणही सुधारले. दोघांची चांगली गट्टी जमली. ते पोटावर जेली घेऊन पडलेले, त्या पडद्याकडे पाहत असलेल्या, आणि चर्चा मोहोरावर पडणाऱ्या किडीची. मी बाहेर थांबलेला, कारण माझे यंत्र रिकामे आणि रुग्ण आत गप्पा मारीत. मी दारावर टकटक केली की बाई म्हणत, "आए हैं परिपत्रक।"

याच सुमारास सोनोग्राफी विभागाचे प्रमुख निवृत्त व्हायचे होते आणि ज्येष्ठतेने ते पद बाईंचे होते. चिटणीस लिहितात की त्यांना पदाचा मोह नव्हता. अहो, मोह नव्हता? प्रमुखांच्या खोलीच्या खिडकीचे माप त्यांनी शिंप्याच्या टेपने माझ्यादेखत घेतले होते आणि पडद्याचे कापड अमीनाबादहून आणून कपाटात ठेवले होते, निळे, पांढऱ्या बुट्ट्यांचे. आणि पडद्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे नवे यंत्र. ते कोणते घ्यायचे आणि कुठे ठेवायचे हे विभागप्रमुख ठरवी. बाईंना ते डायलिसिसच्या खोलीत, खाटेच्या शेजारी हवे होते. "माणूस मशीनकडे काहून येईल? मशीन जाईल माणसाकडे," असे त्या दोन वर्षे प्रत्येक सभेत सांगत होत्या, आणि दोन वर्षे त्यांना प्रमुख नसल्यामुळे खाली बसवले जात होते. एवढी उघड, निरोगी महत्त्वाकांक्षा मी दुसऱ्या कुणात पाहिली नाही. ती पुसून टाकणारा माणूस बाईंचा मित्र नव्हे.

आता तो दिवस. त्रिपाठी लिहितात: 'मकबूल साहेब अत्यवस्थ झाले असता, सर्व डॉक्टर हतबल असताना, मॅडमनी एका क्षणात हृदयाभोवतीचे पाणी ओळखून त्यांचे प्राण वाचवले.' हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. त्यात फक्त पहिले दोन तास नाहीत.

त्या सकाळी मकबूल साहेब धापा टाकीत आले. मानेच्या शिरा टरारलेल्या, रक्तदाब नेहमीपेक्षा थोडा कमी. मी त्यांना बाईंकडे पाठवले. दहा मिनिटांनी फोन आला. "गोमती काठ सोडून वाहून राहिली आहे, सरदेसाई. हुंगला तरी हालत नाही. चार लिटर काढा."

"रक्तदाब जरा कमी वाटतो," मी म्हणालो.

"वजन किती वाढलं?"

"दीड किलो."

"काटा बिघडला असेल तुमचा. शीर खोटं नाही बोलत."

मी आदेशावर चार लिटर लिहिले आणि सही केली. दीड लिटर निघेपर्यंत ठीक होते. त्यानंतर मकबूल साहेबांनी नर्सला अतिशय सौम्यपणे सांगितले की, बेटी, अँधेरा सा हो रहा है, आणि त्यांचा रक्तदाब लागेनासा झाला. आम्ही पाणी काढणे थांबवले, उलट सलाइन आत सोडले. बाईंना कुणीतरी सांगितले. त्या जुने यंत्र स्वतः ढकलीत, व्हरांड्यातून, त्या गिरणीसकट, आमच्या खोलीत आल्या. प्रोब धरलेला हात पोटावर ठेवला. शीर अजूनही फुगलेली. आणि मग त्यांनी हात दोन बोटे वर तिरपा केला. हृदयाभोवती पाण्याचा जाड काळा थर होता आणि त्यात हृदय जेमतेम हलत होते. त्या पाण्याच्या दाबाने रक्त आत शिरू शकत नव्हते, म्हणून शीर तुंबली होती. अंगात पाणी जास्त नव्हतेच. नदीला पूर नव्हता, पुढे बांध पडला होता, आणि आम्ही दोन तास नदी उपसत बसलो होतो.

पडद्यावर पाहून बाईंनी सुई कुठून घालायची ते दाखवले, मी घातली, लालसर पाणी निघाले आणि मकबूल साहेबांनी डोळे उघडून सर्वांची माफी मागितली. एवढा भाग त्रिपाठींनी लिहिला आहे.

शुक्रवारी आमची सभा असे. विषयपत्रिकेवर हे नव्हते. बाई उभ्या राहिल्या आणि त्यांच्या त्या धसमुसळ्या हिंदीत म्हणाल्या, "मंगल को जो हुआ वह मेरी ग़लती थी। मैंने नस देखी, दिल नहीं देखा। दो उँगल ऊपर था।"

संचालक म्हणाले, "मैडम, मरीज़ बच गया। बात ख़त्म।"

"बच गया इसलिए तो मैं बता रही हूँ। मर जाता तो आप ख़ुद ही पूछते।"

संचालकांनी हे इतिवृत्तात न लिहिण्याचा हुकूम दिला. बाईंनी इतिवृत्ताची वही मागून घेतली, स्वतःच्या हाताने चार ओळी लिहिल्या आणि खाली तारीख घातली. मी त्यांना व्हरांड्यात गाठले. "तुमचे प्रमुखपद पुढच्या महिन्यात ठरायचे आहे. थोडी कळ काढता आली नसती?"

"कळ काढली असती न, तर या महिनाभरात त्रिपाठीनं आणखी कोणाची नस पाहिली असती आणि दिल नसतं पाहिलं. त्याले मीच शिकवलं आहे तसं." मग म्हणाल्या, "तुमची गाडी आहे न? रविवारी मलिहाबादले जायचं आहे."

मी नको म्हणालो. समजावले, दटावले, कायदा सांगितला. त्या म्हणाल्या, "तर मग लूनावर जाते." मलिहाबादचा रस्ता, ट्रक आणि लूनाचा हॉर्न यांचा विचार करून मी गाडी काढली.

मकबूल साहेब बागेत खाटेवर पडले होते. त्यांचा मोठा मुलगा शेजारी उभा. पाणी, शरबत, खुर्च्या, चौकशा. बाईंनी काहीही घेतले नाही आणि सरळ सांगितले, "चचा, उस दिन मैंने ग़लत देखा। पानी निकलवाया, जो नहीं निकालना था। आप मेरी वजह से उस हाल में पहुँचे।"

मग मकबूल साहेब म्हणाले, "पेड़ मुरझाता है तो हम भी पहले पानी ही की सोचते हैं, डॉक्टर साहिबा। जड़ में दीमक लगी है, यह बाद में सूझता है।" पुढे म्हणाले, "मगर आपने बताया क्यों? मैं तो पूरे मलिहाबाद में आपको दुआएँ देता फिर रहा हूँ।"

"इसीलिए," बाई म्हणाल्या.

ते हसले. "दी हुई दुआ तो अब वापस होने से रही।"

मुलगा हसला नाही. तो आम्हाला गाडीपर्यंत पोहोचवायलाही आला नाही, आणि लखनौच्या आसपास यापेक्षा मोठा अपमान अस्तित्वात नाही.

परतताना बाई बागांकडे पाहत बसल्या होत्या. काकोरीच्या पुढे आल्यावर त्यांनी विचारले, "सरदेसाई, त्या दिवशी सकाळी तुम्ही छाती ऐकली होती काय हो?"

हा प्रश्न कशासाठी, हे मला लगेच कळले. हृदयाभोवती एवढे पाणी असेल तर ठोके मंद, दुरून, भिंतीपलीकडून यावेत तसे ऐकू येतात. स्टेथोस्कोप लावला असता तर मला शंका यायला हवी होती. आणि माझा स्टेथोस्कोप त्या सकाळी टेबलावर होता. शीर आहे म्हटल्यावर आम्ही छाती ऐकणेच कमी केले होते, मी तर फारच.

"ऐकली होती," मी म्हणालो. "ठोके नीट होते."

"मग ठीक," बाई म्हणाल्या.

मी असे का म्हणालो याचे स्पष्टीकरण मी आजवर पुष्कळदा तयार केले आहे. ते अजून छापण्याच्या लायकीचे झालेले नाही.

मुलाने आठवड्याच्या आत रुग्णालयाला पत्र लिहिले. त्याच्या जागी मीही लिहिले असते. तिघांची समिती बसली. प्रथम बाईंना बोलावले; मी त्याच खोलीत बाजूच्या खुर्चीवर होतो. त्यांना विचारले गेले की निर्णय कुणाचा. माझी सही त्यांच्यासमोर कागदावर होती. बाई म्हणाल्या, "दस्तख़त डॉक्टर सरदेसाई के हैं, मगर मेरी रिपोर्ट पर। उन्होंने सीना सुना था, आवाज़ें ठीक थीं। उनसे जो हो सकता था उन्होंने किया।"

समितीचे अध्यक्ष माझ्याकडे वळले. "आपने सीना सुना था?"

"जी," मी म्हणालो.

समितीने लिहिले की चूक सोनोग्राफीची आहे. प्रमुखपद त्रिपाठींना गेले, जे बाईंपेक्षा अकरा वर्षांनी लहान होते. नवे यंत्र मोठ्या इमारतीत, पाहुण्यांना दाखवायला सोयीच्या खोलीत बसले. निळ्या कापडाचे पुढे काय झाले मला माहीत नाही. चिटणीस लिहितात, 'त्यांनी ते पद नम्रपणे नाकारले.' तो आदेश सूचनाफलकावर लागला तेव्हा बाईंनी तो पुरता वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला, आणि पुढे तीन दिवस त्या रजेवर होत्या. नाकारणारी माणसे रजेवर जात नाहीत.

चौथ्या दिवशी लूना आली. बाईंचा आवाज पूर्वीइतकाच मोठा होता. त्रिपाठींना त्या पूर्वीसारख्याच, आता 'प्रमुख साहब' म्हणून, झापत. त्यांनी यंत्रावर एक पुठ्ठा चिकटवला होता: पहले दिल, फिर नस. मकबूल साहेब येत राहिले आणि स्वतःचाच आंबा हुंगत राहिले. त्यांच्या मुलाने एका मोसमात स्वतः पेटी उचलून आणली, पण बाईंशी तो बोलला नाही. माझ्याशी मात्र अदबीने बोले. मी छाती ऐकणारा डॉक्टर होतो.

बाई शतक संपायच्या आधी काही महिने निवृत्त झाल्या आणि नागपूरला गेल्या. निरोपसमारंभ त्यांनी होऊ दिला नाही. हे मात्र तिन्ही लेखांत खरे आहे. शेवटच्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास मी त्यांच्या खोलीकडे गेलो. मला त्यांना एक गोष्ट सांगायची होती. सकाळपासून मी तिची वाक्ये मनाशी जुळवीत होतो, आणि ती परिपत्रकासारखी होत होती.

दार अर्धे उघडे होते. आत अंधार, पडद्यावरचे नीट दिसावे म्हणून ती खोली नेहमी अंधारीच ठेवीत. खाटेवर एक म्हातारी होती, तिच्या पोटावर त्रिपाठींचा हात, आणि बाई त्यांच्या मागे, हात पाठीशी बांधून उभ्या. म्हातारीने काहीतरी हुंगले. त्रिपाठी म्हणाले, "भरी हुई है, मैडम। हिलती नहीं।"

मला वाटले की आता बाई बोलतील. पण त्या नुसत्या त्यांच्या मनगटाकडे पाहत राहिल्या. क्षणभर गेला असेल. मग त्रिपाठींचे मनगट आपोआप, कुणी न सांगता, वरच्या बाजूला तिरपे झाले, आणि पडद्यावर हृदय आले, स्वच्छ, उड्या मारणारे. "दिल ठीक है," ते स्वतःशीच म्हणाले आणि आकडा लिहू लागले. बाईंनी पाठीशी बांधलेले हात सोडले.

तेव्हा त्यांना दारातला मी दिसलो. पडद्याच्या राखाडी उजेडात त्यांचा चष्मा तेवढा चमकत होता, डोळे दिसत नव्हते.

"सरदेसाई," त्या म्हणाल्या, "उजेड येऊन राहिला आहे. आत तरी या, नाही तर बाहेर तरी जा."

मी दार ओढून घेतले. बाहेरून.